चौदा तारखेची चिठ्ठी

१

चोर नीटनेटका होता. चिठ्ठी काढून नेताना त्याने तिच्या जागी तेवढ्याच मापाचा, तसलाच पिवळट कोरा कागद टाचून ठेवला होता. फाइल भरभर चाळणाऱ्याला काही गेलंय हे कळलंही नसतं.

"मावशी, तुम्हाला तारीख तपासायला बोलावलं, आणि तपासायला कागदच उरला नाही," लेखिका म्हणाली आणि मटकन खुर्चीत बसली. तो बुधवार होता, सकाळचे दहा वाजले होते.

मी पोलीस नाही. छापखान्यात पस्तीस वर्षं मुद्रितं तपासली. र्‍हस्व-दीर्घावरून मी इतक्या जणांशी भांडले की सगळे मला वेलांटी म्हणायला लागले. केस पांढरे झाले तशी वेलांटीची वेलांटीमावशी झाली. निवृत्त होऊनही लेखिकेचं पुस्तक मात्र मी मागून घेतलं होतं.

चाळीस वर्षांपूर्वी आमच्याकडे सव्वा वर्ष कत्तली चालल्या. बाहेरच्या देशांनी मिळून एक शांतता पथक पाठवलं. कत्तली होत राहिल्या आणि पथक अहवाल लिहीत राहिलं. कोणाला केव्हा काय कळलं, आणि कळल्यावर त्याने काय केलं, एवढंच लेखिका शोधत होती. त्या 'एवढंच'मध्ये तिची सात वर्षं गेली.

नववं प्रकरण पुलापलीकडच्या शाळेचं. पथकाचा झेंडा लावलेल्या त्या शाळेत चारशे मुलं आसऱ्याला ठेवली होती. सोळा तारखेला शाळेवर हल्ला झाला. त्या मुलांत लेखिकेचा अकरा वर्षांचा दादा होता. ती सात वर्षांची होती, अंगात ताप होता, म्हणून आईने तिला घरी ठेवून घेतलं. ही हकिगत तिने मला एकदाच सांगितली, तीही पाठमोरी उभी राहून.

पथक म्हणत आलं होतं की आम्हाला आधी कोणी काही कळवलंच नाही. शाळेच्या मुख्याध्यापकांनी फोन केला होता, असं तिच्या आईने मरेपर्यंत सांगितलं, पण पुरावा नव्हता. मग गेल्या महिन्यात पथकाचे कागद खुले झाले, त्यांची पुडकी घरी आली आणि त्यांत ती चिठ्ठी निघाली.

तेवढ्यात प्रकाशकाचा फोन आला. मूळ कागद दाखवा, नाहीतर नववं प्रकरण गाळतो, असं त्याच्या वकिलाचं म्हणणं. "मावशी, फर्मा परवा छपाईच्या यंत्रावर चढतोय."

"गेलेला की येणारा?" मी सवयीने विचारलं. छापखान्यात हे विचारलं नाही तर माणूस बुडतो.

"येणारा हो. शुक्रवार," तो वैतागून म्हणाला.

दोन दिवस होते.

२

चिठ्ठीत होतं काय? लेखिकेने वहीत उतरवून घेतलं होतं: 'परवा शाळेवर हल्ला. चारशे मुलं. माणसं पाठवा.' वर चौदा तारीख, दुपारचे बारा. पथकाच्या कचेरीत फोनवर दुभाषी बसत. आलेला निरोप ते आधी आपल्या भाषेत लिहीत आणि खाली पथकाच्या भाषेत भाषांतर करत. ते भाषांतर तिने उतरवलं नव्हतं. वर आपल्या भाषेत स्वच्छ लिहिलंय, तर खालचं कशाला?

"पण मावशी, घोळ तारखेचाच आहे. हल्ला सोळाचा. परवा झाला म्हणताहेत, तर चिठ्ठी अठराची हवी. वर चौदा कशी? आणि मला सापडली ती बाराच्या पुडक्यात. पथकाचे कारकून तरी किती गबाळे असावेत."

मंगळवारी तिने चहाला तीन माणसं बोलावली होती. चहा पिता पिता ती म्हणाली, उद्या वेलांटीमावशी येऊन तारखेचा छडा लावणार आहेत. रात्र उलटली आणि चिठ्ठी गेली.

पहिले साहेब. ते तेव्हा पथकात अधिकारी होते. पुढे इथेच लग्न करून राहिले. आता बहात्तर वर्षांचे. पुस्तकासाठी लेखिका त्यांच्या मुलाखती घेत होती. दुसरे काका, सख्खे नव्हेत, पण सख्ख्यांनी लाजावं असे. पथकाचे जुने अहवाल, जबान्या ते आपल्या भाषेत आणून देत. तेही त्या काळात पथकात दुभाषी होते. गाड्यांबरोबर गावोगाव हिंडत होतो, असं सांगत. त्यांचे हात थरथरतात, म्हणून ते तोंडी सांगत आणि त्यांची लेक टाइप करी. ती लेक तिसरी.

"आणि चौथी तू," मी म्हटलं.

लेखिकेला हसू आलं नाही. ती म्हणाली, "साहेबच. मी चहा करत होते तेव्हा दहा मिनिटं या खोलीत ते एकटे होते."

मलाही तेच वाटलं. वाटणं आणि छापणं यात मात्र फरक असतो.

३

गुरुवारी सकाळी साहेबांकडे गेले. घर लख्ख, पुस्तकं उंचीप्रमाणे लावलेली. आपली भाषा ते पोपटासारखी बोलतात. स्वतः पाणी आणून दिलं आणि माझ्या गुडघ्यांची चौकशीही केली. वाईट माणूस म्हणावा असा चेहरा नव्हता.

"परवा मी त्या खोलीत एकटा होतो, खरं आहे. म्हणून तुम्ही आलात," ते म्हणाले.

मी चिठ्ठीचा विषय बाजूला ठेवला आणि पथकाचे कारकून गबाळे होते म्हणे, असं सहज टाकलं. साहेबांना ते झोंबलं. आमच्या कचेरीइतकी शिस्त कुठे नव्हती, ते सांगू लागले. आलेल्या प्रत्येक कागदावर वेळेचा शिक्का. वाचणाऱ्याची आद्याक्षरं असल्याशिवाय कागद टेबलावरून हलत नसे. आणि पुडकी बांधायची ती कागदाच्या तारखेने नव्हे, तर घटना ज्या दिवसाची त्या दिवसाने.

"मग शाळेचं?"

"त्या सकाळपर्यंत आम्हाला काहीच माहीत नव्हतं," साहेब म्हणाले. हे वाक्य त्यांनी खिडकीकडे बघत म्हटलं.

दुभाषी कोण कोण होते, हेही विचारलं. पुष्कळ होते, चेहरे आठवत नाहीत, असं उत्तर मिळालं. निघताना टेबलावरचं आमचं वर्तमानपत्र उचलून मी म्हटलं, काय म्हणतायत आज? ते ओशाळून हसले. बोलता येतं, पण लिपी काही जमली नाही. पेपर बायको वाचून दाखवते.

जिना उतरताना मी मध्येच थांबले. लेखिकेची फाइल म्हणजे दोनशे जाड पुठ्ठे, प्रत्येकावर एक चिठ्ठी टाचलेली, आणि सगळे आपल्या बाराखडीच्या क्रमाने लावलेले. आपली चिठ्ठी 'म'मध्ये होती, मुख्याध्यापकांचा म. ज्याला 'म' आणि 'भ' सारखेच, त्याने दहा मिनिटांत, एकही पुठ्ठा न हलवता नेमकी तीच कशी काढली? खालची भाषांतरं वाचत दोनशे पुठ्ठे धुंडाळायचे तर दहा मिनिटं कुठे पुरणार?

म्हणजे चोर अक्षर जाणणारा होता. साहेब सुटले. उरलेल्या दोघांचा विचार करायचीही मला इच्छा नव्हती.

४

काका लेखिकेच्या अंगणातल्या बाकावर बसले होते; बापलेक कामाला तिच्याच घरी येत. मला बघून सरकले, जागा दिली. मंगळवारी चहाच्या वेळी ते स्वयंपाकघरातच बसून होते. बाहेर साहेबांसमोर आलेच नाहीत. का, असं विचारलं.

"मंगळवारी जरा थकवा होता," ते म्हणाले. त्यांनी चष्मा काढला. तो पुन्हा घालायला तीनदा प्रयत्न करावा लागला. मी नजर दुसरीकडे वळवली.

चोराने कोरा कागद पट्टीने आखून कात्रीने सरळ कापला होता. पुठ्ठ्यावर टाचणीची जुनी दोन भोकं होती, नवी टाचणी त्याच भोकांतून गेली होती. ते हात काकांचे असणं शक्य नव्हतं.

लेक आत टाइप करत होती. पस्तिशीची, शांत, कामाला चोख. तिच्या पानात चूक सापडली तर मी पेढे वाटीन. ती म्हणाली, मंगळवारी ती सारखी आत-बाहेर करत होती, कपबशा तिनेच उचलल्या. साहेब निघाल्यावर ती खोली आवरून गेली. काही पाहिलं नाही.

काही लपवायचं असलेला माणूस जास्त बोलतो. ही मोजकं बोलली. पण काहीतरी खटकलं होतं खरं. शब्द चुकला नव्हता, वाक्य चुकलं नव्हतं, तरी चांगल्या मुद्रितात कुठेतरी एक ओळच गळावी तसं वाटत होतं. काय गळलं होतं ते मात्र मला सापडेना.

घरी आले. वरण गॅसवर ठेवलं आणि काकांनी आणून दिलेल्या जबान्यांचा गठ्ठा काढला. तीनशे पानं, दोन महिने मीच तपासलेली. आता मी चुका शोधत नव्हते. नसलेलं काही शोधत होते. वरण करपलं तेव्हा ते सापडलं.

५

तीनशे पानांत 'काल' होता, 'उद्या' होता, 'आज' तर शेकड्याने. जिथे जिथे आपण कोणीही 'परवा' म्हणू, तिथे 'दोन दिवसांपूर्वी' नाहीतर 'दोन दिवसांनी'. एकदाही चूक नाही, एकदाही विसर नाही. इतका साधा, चुलीपाशी बोलला जाणारा शब्द तीनशे पानांतून कोणीतरी वेचून बाहेर ठेवला होता.

आणि आज? मंगळवारच्या चहाला साहेब परवा म्हणाले, मीही म्हणत होते. बापलेक दोघं मात्र 'मंगळवारी'.

परवा शाळेवर हल्ला. या वाक्यात क्रियापद कुठे आहे? झाला की होणार? फोनवर घाईने बोलणाऱ्या माणसाने तीन वाक्यांत एकही क्रियापद काळासकट वापरलं नव्हतं. चिठ्ठीची तारीख बरोबरच होती. चौदाला सांगितलेला येणारा परवा म्हणजे सोळा. मुख्याध्यापकांनी दोन दिवस आधी सांगितलं होतं. आणि कोणीतरी त्याचं भाषांतर गेलेला परवा असं केलं, म्हणून शिस्तीच्या कारकुनाने तो कागद बाराच्या पुडक्यात घातला.

चपला पायात अडकवून तशीच लेखिकेकडे निघाले.

लेक यंत्रासमोरच होती. "परवा खोली आवरताना तू फाइल उघडलीस," मी म्हटलं.

"मंगळवारी मी..."

"मी परवा म्हटलं. तू एकदा म्हणून दाखव तो शब्द."

तिची बोटं थांबली. मग म्हणाली, "आमच्या घरात नाही म्हणत तो. लहानपणी मी म्हटला की बाबा जेवणावरून उठायचे. आईने नंतर सांगितलं का ते."

शब्दकोशाच्या खाकी वेष्टनातून तिने चिठ्ठी काढली. "पुडकं सोडतानाच अक्षर ओळखलं. लग्नाआधी बाबांनी आईला लिहिलेली पत्रं आहेत माझ्याकडे. जाळायचीच होती. पण त्यावर त्यांचा हात थरथरत नाहीये, मावशी."

मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही.

"ती इकडे दे," दारातून आवाज आला. काका उभे होते, आणि त्यांच्या मागे लेखिका.

६

कोरा कागद काकांनीही पाहिला होता. हे लेकीचं काम असल्याचं ओळखलं आणि ते गप्प बसले. तेवढी माझी चोरी, ते म्हणाले. मग लेखिकेसमोर उभ्या उभ्याच त्यांनी सगळं सांगितलं. खुर्ची दिली तर घेतली नाही.

ते सव्वीस वर्षांचे होते, फोनवर दुसराच आठवडा. सकाळपासून अकरा निरोप आले होते आणि अकराही झाल्या गोष्टींचे: परवा गाव जाळलं, काल विहिरीत टाकलं. बारावा निरोप आला, लाइन खरखरत होती, तिसऱ्या वाक्यावर तुटली. त्यांच्या हाताने सवयीने 'दोन दिवसांपूर्वी' लिहिलं. संध्याकाळी घरी आले. आई म्हणाली, तुझी बहीण परवा येतेय. घास हातात तसाच राहिला. पळत कचेरीत गेले. दार बंद होतं. दुसरी चिठ्ठी लिहून फटीतून आत सारली.

"सोळा उलटल्यावर एक अधिकारी म्हणाला, तुझी दुसरी चिठ्ठी आम्हाला सतराला मिळाली." काकांनी लेखिकेकडे पाहिलं. "तुझ्या दादाचं नाव मी यादीत वाचलं होतं. तुझ्याकडे आलो तेव्हा ठरवलं होतं, पहिल्याच दिवशी सांगायचं. सात वर्षं झाली, पोरी."

लेखिका भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते की नव्हते, ते मला दिसलं नाही, कारण माझेच डोळे भरले होते. मग तिने विचारलं, "किती वेळ होता दादाकडे?"

"पावणेदोन दिवस."

तेव्हा माझ्यातली वेलांटी जागी झाली. देवाने मला दुसरं काही दिलं नाही, पण ओळ गळली की टोचतं.

"ती दुसरी चिठ्ठी कुठे आहे?" मी विचारलं.

काका म्हणाले, फेकली असेल.

"त्या कचेरीत कागद फेकत नव्हते. घटनेच्या दिवसाच्या पुडक्यात ठेवत होते. पहिली बारात गेली. दुसरीत तुम्ही तारीख काय लिहिलीत?"

"सोळा."

आम्ही तिघांनीही लेखिकेकडे पाहिलं. सोळाचं पुडकं कपाटाच्या खालच्या खणात होतं. त्याची सुतळी तिने अजून सोडली नव्हती. रोज बघायची आणि पुढचं पुडकं घ्यायची. त्यात मुलांच्या याद्या असणार, हे तिला ठाऊक होतं.

७

गाठ लेकीने सोडली. याद्या तिने उलट्या करून बाजूला ठेवल्या. तळाशी पिवळट कागद होता.

'दुरुस्ती. आजच्या चिठ्ठीतला परवा हा येणारा परवा. सोळा तारीख. अजून वेळ आहे.'

खाली तेच पथकाच्या भाषेत. आणि त्यावर जांभळा शिक्का: चौदा तारीख, सायंकाळी सात वाजून दहा मिनिटं. सतराला नव्हे. त्याच संध्याकाळी कोणीतरी आत होतं, त्याने कागद उचलला होता, वाचला होता. शिक्क्याशेजारी शाईने एक ओळ आणि दोन आद्याक्षरं होती.

ती ओळ वाचणं काकांचंच काम होतं. त्यांनी कागद हातात घेतला, तो थरथरू लागला, तेव्हा लेखिकेने खालून आपला हात लावला. काकांनी एकेक शब्द भाषांतर केलं: "'पाहिलं. वरून आदेश येईपर्यंत थांबावं.'"

आद्याक्षरं मी ओळखली. मुलाखतींच्या प्रत्येक पानाखाली साहेबांनी तीच केली होती.

लेखिकेने फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा आवाज मोठा केला आणि ती ओळ त्यांना वाचून दाखवली. मग साहेब बोलू लागले. त्यांनी वर कळवलं होतं, तासाभरात. उत्तर एकोणीसला आलं: परिस्थितीवर लक्ष ठेवावं. पथकाच्या दोन गाड्या खाली उभ्या होत्या, पण आदेशाशिवाय न्यायच्या नाहीत, असा नियम होता. "त्या पोराला सतरा तारीख सांगितली, कारण चौदा सांगितली असती तर त्याने पुढचा प्रश्न विचारला असता," ते म्हणाले. आणि मग, "तो आहे का अजून?"

"आहेत. माझ्या शेजारी उभे आहेत," लेखिका म्हणाली आणि फोन ठेवला.

ती काकांकडे वळली. "चूक तुमची होती, काका. ती नव्हती असं मी म्हणणार नाही. पण तुम्ही पळत गेलात. त्या चारशे मुलांसाठी त्या दिवशी पळालेला कागदावर तुमच्याशिवाय एक माणूस नाही."

काका तेव्हा खुर्चीत बसले. लेक त्यांच्या पायाशी बसली आणि दोघंही रडले. मी स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवला. बिघडवून टाकला, सगळ्यांनी प्यायला.

८

शुक्रवारी सकाळी वकिलाने दोन्ही चिठ्ठ्या बघितल्या आणि त्याला काही म्हणायला जागा उरली नाही. लेखिकेने रात्रीतून प्रकरण नव्याने लिहिलं होतं. त्यात काकांची चूक होती, त्यांच्या संमतीने. नावासकट घाला, ते म्हणाले होते, शुद्धिपत्रात नको, मजकुरात घाला. साहेबांचं उत्तरही होतं आणि गाड्यांचा नियमही. प्रकरणाचं नाव तिने बदललं होतं: 'परवा'.

दुपारी शेवटचं मुद्रित आलं. आम्ही चौघंही तिच्याच खोलीत होतो. पहिल्याच पानावर माझी पेन्सिल थांबली. जुळणी करणाऱ्याने घाईत 'र'चा रफार करून टाकला होता. मथळा झाला होता 'पर्वा'.

हा शब्द मी आयुष्यात हजार वेळा दुरुस्त केला असेल. त्या दिवशी हात चालेना. कोणाला होती पर्वा, हेच तर सगळं प्रकरण विचारत होतं. मी पान लेखिकेसमोर धरलं. तिने बघितलं, ओठ घट्ट मिटले आणि ते काकांच्या पुढ्यात सरकवलं.

"राहू द्यायचं का?" तिने विचारलं.

काकांनी चष्मा लावला. लेकीने मदत केली नाही, आणि या खेपेला तो दुसऱ्याच प्रयत्नात बसला.

"नाही. दुरुस्त करा, मावशी. वेळ आहे तोवर दुरुस्त करायचं," ते म्हणाले.

मी रफार खोडून 'र' घातला. तेवढ्यात प्रकाशकाचा फोन. फर्मे आज चढले, तर बांधलेली पहिली प्रत न्यायला कोण येणार आणि कधी, एवढंच त्याला हवं होतं. मी काही बोलायच्या आत काकांनी हात पुढे केला. फोन मी त्यांच्या कानाशी धरला.

"मी येतो," काका म्हणाले. "परवा."

लेकीने मान वर करून बापाकडे पाहिलं. पलीकडून प्रकाशकाने काहीतरी विचारलं, आणि काकांनी हळूच, पण स्पष्ट सांगितलं, "येणारा."